फोटोच्या पाठीवर नाव लिहा

(नालासोपाऱ्यात तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



कार्यकर्त्यांनी मला सांगितलं होतं, तू कविता वाच. मी म्हणालो, या खेपेला कविता नको, फोटोवर बोलतो. काही जण हसले. फोटोवर काय बोलायचं? फोटो काढायचा, भिंतीवर टांगायचा, मेला की हार घालायचा. संपलं.

संपत नाही, दोस्तांनो. म्हणून उभा आहे.

आपल्या वसईत स्टेशनबाहेर एक जुना स्टुडिओ होता. नाव घेत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक आहे. बापानं काढला, पोरानं चालवला, नातवानं शटर खाली ओढलं. शटर ओढलं तेव्हा काही लोकांनी हळहळून लिहिलं की एका घराण्याची परंपरा संपली, तीन पिढ्यांची कला गेली. मी ते वाचलं. त्यात त्या घराचं सगळं होतं. आजोबांचा पहिला कॅमेरा, वडिलांची मेहनत, नातवाची अडचण. नव्हते फक्त आपण. पन्नास वर्षं त्या स्टुलावर जे बसले, हनुवटी वर, हनुवटी खाली, हलू नका, असं ऐकत बसले, त्यांचा त्या इतिहासात पत्ता नव्हता.

स्टुडिओचा इतिहास म्हणजे मालकाचा इतिहास, असं कुणी ठरवलं? गिरणीचा इतिहास शेठजीचा, गोदीचा इतिहास जहाज कंपनीचा, तसाच हा. आपण घाम द्यायचा, नाहीतर पैसे द्यायचे. इतिहास मात्र पाटीवर ज्याचं नाव त्याचा.

त्या पाटीवर दोन शब्द असतात. अँड सन्स. अमुक अमुक अँड सन्स. म्हणजे बापाचा धंदा पोराचा. कॅमेरा बापाचा, डार्करूम बापाची, बाजारपेठेतला गाळा बापाचा. बाप फोटो काढणार, भाऊ हायपोच्या पाण्यात हात बुडवून निगेटिव्ह धुणार, घरातल्या बाया टोकदार शिसपेन्सिल घेऊन निगेटिव्हवरचे डाग बुजवणार. त्या बायांचं नाव पाटीवर कधी आलं नाही, हेही लिहून ठेवा. पण धंदा घरातला घरात.

आता आपल्याकडं बघा. आपल्या बापजाद्यांच्या धंद्यालाही अँड सन्स होतंच. मेलेलं ढोर ओढायचं, अँड सन्स. गाव झाडायचं, अँड सन्स. फक्त आपली पाटी दुकानावर नव्हती, आडनावावर होती. त्यांची पाटी पोराला गाळा देत होती, आपली पाटी पोराचा गळा धरत होती. म्हणून कुणी घराण्याच्या परंपरेचं कौतुक करायला लागला की मी आधी विचारतो, बाबा, परंपरा सोडायची मोकळीक होती का तुला? त्यांना होती. आम्हाला ती लढून घ्यावी लागली.

आता जरा मागं जाऊ. फोटोची कला जगापुढं आली १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. गोरे साहेब, पारशी, शिकलेले वरच्या जातीचे हिंदू त्यात आले. पुढच्या दहा-वीस वर्षांत या कॅमेऱ्यानं काय काम केलं? जात मोजली. विल्यम जॉन्सन म्हणून मुंबईतला धंदेवाईक फोटोग्राफर. १८६३ आणि १८६६ साली त्यानं मुंबईच्या जातीजमातींवर दोन भागांत पुस्तक काढलं. माणसं स्टुडिओत आणून उभी केली, त्यांची चित्रं कापली आणि दुसऱ्याच देखाव्यावर डकवली. म्हणजे कापाकापी कंप्युटर आल्यावर सुरू झाली असं समजू नका. १८६८ ते १८७५ या काळात सरकारनं आठ खंड छापले, 'द पीपल ऑफ इंडिया'. पान उघडा, माणसाचा फोटो, खाली जात नाहीतर जमात. त्यातल्या बहुतेकांना नाव नाही. मनूनं जे श्लोकात केलं, ते साहेबानं काचेवर केलं.

हे सगळं गोऱ्यांनी केलं, असं म्हणून आपले लोक हात झटकतात. म्हणून आता एका देशी घराण्याची गोष्ट सांगतो. राजा दीनदयाळ अँड सन्स. हिंदुस्थानातला सगळ्यात नावाजलेला घरगुती स्टुडिओ.

दीनदयाळ १८४४ साली मेरठजवळ सरधन्यात जन्मले. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले, १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात आराखडे काढायच्या नोकरीला लागले. फोटो काढायला शिकले ते नोकरीत असताना. हात चांगला होता. संस्थानिकांनी बोलावलं, व्हाइसरॉयनं बोलावलं, हैदराबादच्या सहाव्या निजामानं दरबारी फोटोग्राफर केलं, राजा हा किताब दिला. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ साली मुंबई, असे स्टुडिओ निघाले. १८९२ साली पडदानशीन बायकांसाठी हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला, तिथं कॅमेऱ्यामागंही बाईच ठेवली. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली. ग्यानचंद आणि धरमचंद ही पोरं धंद्यात होती. १९०५ साली दीनदयाळ वारले, तरी पाटी चालू राहिली. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं त्यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. २००६ साली टपाल तिकीट निघालं. माणूस मोठा कारागीर होता, यात वाद नाही. मी कारागिराचा अपमान करणार नाही, मी स्वतः हातानं खातो.

पण याच स्टुडिओच्या कामात एक आल्बम आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ. जागा, औरंगाबाद, म्हणजे तेव्हाचा निजामाचा मुलूख, आपला मराठवाडा. लॉर्ड कर्झनच्या संग्रहातून ती चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात एका चित्रात माणसं ओळीनं मांडली आहेत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आणि खाली इंग्रजीत लिहिलंय, टाइप्स ऑफ इमॅसिएशन, औरंगाबाद. मराठीत सांगायचं तर, खंगलेल्या देहांचे नमुने.

नमुने, मित्रांनो! कापडाच्या दुकानात असतात तसले.

तोच स्टुडिओ, तोच कॅमेरा, तीच काच, तीच चांदी. निजाम समोर बसला तर खाली त्याचं नाव, किताब, हुद्दा. मराठवाड्यातला उपाशी माणूस समोर बसला तर नमुना. त्यांच्यात कोण कुठल्या जातीचं होतं ते लिहिलेलं नाही, म्हणून मी छातीठोक सांगत नाही. पण दुष्काळात गावाची भाकर आधी कुणाची बंद होते, हे तुम्हाला मला पोथी उघडून बघावं लागत नाही.

यात दीनदयाळांनी काही वाकडं केलं का? ऑर्डर सरकारी होती, त्यांनी काम केलं. कदाचित त्या फोटोमुळंच आज आपण ती माणसं बघतो. हेही खरं. पण नाव विचारायला किती वेळ लागतो? कॅमेरा तिकाटण्यावर चढवायला जितका लागतो त्याहून कमी. नाव विचारलं गेलं नाही, कारण नाव लागणारच नव्हतं. भूक दाखवायची होती, भुकेला माणूस दाखवायचा नव्हता.

याच्यासमोर दुसरा फोटो ठेवा. फेब्रुवारी १९३४, दादर, राजगृह. बाबासाहेब घरच्यांबरोबर बसलेत. यशवंतराव आहेत, रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे. आणि एक कुत्रा आहे. त्या कुत्र्याचंसुद्धा नाव आपल्याला माहीत आहे. टॉबी. का माहीत आहे? कारण कुणाला तरी तो फोटो आपला वाटला आणि त्यानं कोण कोण बसलंय ते सांगून, लिहून ठेवलं. एवढाच फरक. एका फोटोत कुत्र्याला नाव आहे, दुसऱ्या फोटोत माणसांना नाही.

आता मराठवाड्यातनं मी घरात येतो, कारण माझा आजा तिकडचाच.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आजा बाविशीतला होता. आजी सांगते, खडी फोडली, सुकडी खाल्ली, मग पाण्यालाही महाग झाल्यावर मुंबईची गाडी धरली. त्या खडीवर आज्याचा फोटो कुणी काढला नाही. काढला असता तरी खाली लिहिलं असतं, दुष्काळी कामावरचा मजूर. मुंबईत तो गोदीला लागला. पाठीवर पोती, हातात हूक. बॅलार्ड इस्टेटमध्ये ग्रीन गेटच्या बाहेर पडलं की थोड्या अंतरावर हॅमिल्टन स्टुडिओ. १९२८ साली सर व्हिक्टर ससूननं काढलेला, पुढं रणजित माधवजींनी घेतलेला, त्यांच्यानंतर मुलीनं सांभाळलेला. तोही घराण्याचाच झाला म्हणा. मोठमोठे उद्योगपती, राजे, त्यांच्या राण्या तिथं दिव्यासमोर बसल्या. आजा वीस-पंचवीस वर्षं त्याच भागात राबला. आत गेला नाही. आत जायला बंदी होती असं नाही. पण ज्याच्या अंगावर सिमेंट आणि गंधकाची भुकटी आहे त्याला काही दारांवर पाटी लावायची गरज नसते. तो पाटी स्वतःच वाचतो.

आज्याचा जन्मात एकच फोटो निघाला. गोदीच्या पासाचा. आज मीही गोदीत ठेकेदाराकडं आहे, म्हणून सांगतो. गेटवर शिपाई आधी पास बघतो, मग तोंड. पासावरचं तोंड आणि खांद्यावरचं तोंड जुळलं नाही तर रोज बुडाला. म्हणजे खरा तो पासावरचा, आपण त्याची नक्कल.

१९९८ साली आजा वारला. मी तेव्हा जन्मलेलो नव्हतो. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून माझा बाप तो पास घेऊन स्टेशनबाहेरच्या स्टुडिओत गेला. सुपारीएवढं तोंड, त्याचं हातभर मोठं करून आणलं. आम्ही पोरं तो फोटो बघत वाढलो. फोटोत आजा कोट घातलेला, टाय लावलेला, गोरा. अगदी साहेब.

मला कळायला लागलं तेव्हा मला त्या फोटोचा राग यायला लागला. गोदीच्या उन्हात करपलेला माणूस गोरा कसा? ज्याला दुसरा सदरा नव्हता त्याच्या अंगात कोट कुठनं आला? मी वस्तीतल्या पोरांना सांगत फिरायचो, बघा, या दुकानदारांनी आमच्या मेलेल्या माणसालासुद्धा सोडलं नाही, त्याचाही रंग बदलला, त्याचेही कपडे बदलले. त्यावर मी एक कविताही लिहिली होती. टाळ्या पडायच्या.

आता ऐका. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी तिथं गेलो. दारात भंगारवाल्याची हातगाडी. गोण्याच्या गोण्या निगेटिव्ह. निगेटिव्हमध्ये चांदी असते, भंगारवाला ती किलोनं घेतो. आत म्हातारे मालक, म्हणजे मधल्या पिढीचे, खुर्चीवर बसलेले. मी म्हणालो, "काका, यातली आमच्या वस्तीची पाकिटं मला द्याल का?"

म्हणाले, "शोध बाबा. तुझंच आहे ते. मला आता दिसत नाही."

दोन दिवस मी त्या गोण्यांत बसलो, दोन रोज बुडवून. प्रत्येक निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर अक्षर. बाजारपेठेतल्या गिऱ्हाइकांचं पूर्ण नाव, तारीख, किती कॉप्या, पत्ता. बंगलेवाल्यांचं तर बारशापासून लग्नापर्यंत एकाखाली एक. आणि आपली पाकिटं कशी ओळखली? त्यावर लिहिलं होतं, रेल्वेपलीकडची वस्ती. बस. रेल्वेपलीकडची वस्ती, बाई, दोन कॉपी. रेल्वेपलीकडची वस्ती, जोडपं. रेल्वेपलीकडची वस्ती, पोरगं. मला औरंगाबादचे नमुने आठवले.

मी विचारलं, "काका, आमची नावं का नाही लिहिली?"

म्हातारा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तुमचे लोक पैसे आधी देऊन जायचे. उधारी नव्हती. नाव उधारीवाल्याचं लागतं."

ऐकलंत? ज्यानं बुडवायचं त्याचं नाव वहीत, ज्यानं रोख मोजले तो वस्ती. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याला कधी वाटलंच नव्हतं की यात काही चुकतंय. जात अशीच चालते. शिवी न देता चालते, पाकिटावरच्या अक्षरात चालते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पाकीट हाताला लागलं. रेल्वेपलीकडची वस्ती. कोट. एक. आत दोन निगेटिव्ह. एक रंगवून झालेल्या साहेबाची. दुसरी पासावरनं घेतलेली, हात न लावलेली. उजेडासमोर धरली. निगेटिव्हमध्ये काळा माणूस पांढरा दिसतो, तेव्हा तिथंही आधी तो गोराच दिसला. मग मोबाइलवर घेऊन उलटी केली. आणि मी माझा आजा पहिल्यांदा बघितला. काळाकुट्ट. गालफडं बसलेली. बटण तुटलेला सदरा. खांद्यावर कचेरीचा गोल शिक्का अर्धा उमटलेला. आणि नजर अशी की शिपायानंच खाली बघावं.

घरी येऊन आजीला दाखवला. तिनं मोबाइल डोळ्याजवळ धरला. म्हणाली, "ह्योच. ह्यो हाय तुझा आजा."

मी म्हणालो, "मग आजी, तो भिंतीवरचा काढून टाकू. कोटवाला. खोटा आहे तो."

तर म्हातारी उसळली. "कोटाला हात लावू नगं. कोट मी सांगितला व्हता. धा रुपये जास्तीचे दिले त्येच्यापायी. बाबासायबावानी कोट घाला म्हनलं माझ्या मालकाला. जलमभर पोतं पाठीवर घेतलं, मेल्यावर तरी कोट असू दे."

मी गप्प. माझी कविता माझ्याच घशात अडकली. म्हणालो, "आणि गोरा? गोरा पण तूच करायला सांगितलास?"

"न्हाय. गोरा त्येंनी केला. मला कुटं गोरा पायजे व्हता? मी त्येला वळखलाच न्हाय आधी."

मित्रांनो, एवढंच सांगायला मी आलो. कोट आमचा, गोरेपणा त्यांचा. आणि मी वर्षानुवर्षं दोन्ही त्यांच्या नावावर मांडत होतो. माझ्या अडाणी आजीनं त्या स्टुडिओत जाऊन ऑर्डर दिली होती, पैसे मोजून इतिहासात दुरुस्ती करून घेतली होती. बाबासाहेबांनी कोट घातला तो काही शोभेसाठी नाही. ज्यांना नीट कपडा घालायची बंदी होती त्यांच्या वतीनं घातला. आजीला ते कुणी भाषणात सांगितलं नव्हतं. तिला ते कळलं होतं. आणि मी, मॅट्रिक झालेला कवी, तिच्या मागणीला दुकानदाराची लबाडी म्हणत होतो. आपण आपल्या माणसांना नुसते बळी समजायला लागलो तर आपणही त्यांचे नमुनेच करतो. खाली फक्त मराठीत लिहितो.

पण गोरेपणाचा हिशोब मी सोडणार नाही. स्टुडिओत तोंड उजळ करणं हा रिवाज होता. सगळ्यांनाच उजळ करायचे म्हणतात. असेल. पण रिवाज कुणाच्या कातडीवरनं बेतलेला होता? आजही तुमच्या मोबाइलमध्ये फोटो काढताना बोट लावलं की तोंड उजळतं. म्हातारा गेला, शटर पडलं, पण ती टोकदार पेन्सिल तुमच्या खिशात आलीय. बघा जरा.

आता कामाचं बोलतो.

आपण सोपाऱ्यात बसलोय. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. बावीसशे वर्षं माती, समुद्राचं खारं वारं, किती राज्यं आली गेली. अशोक आपल्यापर्यंत आला, कारण लिहिलेलं होतं. नुसता दगड असता तर कुणी धुणं धुतलं असतं त्यावर.

तसंच फोटोचं. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी नुसता कागद होतो. म्हणून घरी जा, ट्रंका उघडा. जे फोटो आहेत ते आईला, आजीला, शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवा. हा कोण, ही कोण, कुठलं गाव, कुठलं साल, कशात काम करत होता, विचारा. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं लिहू नका, दाबून उमटतं आणि शाई पुढं फुटते. निगेटिव्ह असतील तर कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, पत्र्याखालच्या उष्ण जागेत नको. बायकांची नावं लिहा, नुसतं अमक्याची बायको असं लिहू नका. ती चूक आपलीही आहे. मोबाइलमधल्या हजार फोटोंतले दहा तरी कागदावर काढा आणि त्यांच्याही पाठीवर लिहा.

मी गोण्यांतनं आणलेली वस्तीची पाकिटं तीनशेच्या वर आहेत. जोडपी आहेत, नापास झालेली पोरं आहेत, पहिल्या पगाराचं घड्याळ मनगटावर पुढं करून बसलेले आहेत, मेलेल्या लेकराला मांडीवर घेतलेली एक आई आहे. त्यातल्या चाळीस-एक जणांची नावं आजीनं सांगितली. बाकीच्यांची तुमच्या घरात आहेत. येत्या रविवारी सकाळी विहारात ती सगळी मांडून ठेवणार आहे. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून घेऊन या. आणि एक वही आणा. जाडी आणा.

आमच्या भिंतीवर आता दोन आजे आहेत. एक कोटातला, एक तुटक्या बटणाचा. दोन्हींच्या पाठीवर मी त्याचं पूर्ण नाव लिहिलंय. कोटवाल्याच्या पाठीवर एक ओळ जास्तीची आहे. कोट आजीच्या सांगण्यावरून, दहा रुपये जादा, रोख.

जयभीम.